पुढची चकती लहान करा

हब गिअरची सायकल घेऊन चहाच्या टपरीवर थांबलं की चार माणसं जमतात आणि दोन प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला पडली? आणि पळते किती? तिचा सर्वात हलका गिअर किती हलका आहे, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. टपरीवरच्या माणसाने विचारलं नाही तर समजू शकतो. पण सामान लादून दूरचा प्रवास करायला निघालेला सायकलस्वारही दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारतो, दुकानदारही त्याला तेच उत्तर देतो, आणि मग ती सायकल पहिल्या खऱ्या चढावर हातात धरून ढकलावी लागते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या सायकलवर संसार बांधून आपण घाट चढणार, तिची पुढची दातेरी चकती, म्हणजे चेनरिंग, हब बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेत बसेल तेवढी लहान असावी. वरचा वेग कमी झाला तर होऊ द्यावा. आणि या निवडीच्या आड बहुतेक वेळा हिशेब येत नाही, लाज येते. म्हणून आधी हिशेब करू, लाजेकडे मग वळू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नेहमीच्या गिअरच्या सायकलला मागे सात-आठ किंवा त्याहून जास्त चकत्या उघड्यावर असतात आणि चेन एकीवरून दुसरीवर उडी मारते. हब गिअरमध्ये तसं नसतं. मागच्या चाकाच्या मधोमध एक बंद डबा असतो. त्याच्या पोटात लहान दातेरी चाकं मधल्या चाकाभोवती ग्रहांसारखी फिरत असतात. बाहेर पुढे एक चकती, मागे एक चकती आणि सरळ रेषेत पळणारी एकच चेन. लाल माती, पावसाळी चिखल, खारी हवा यांचा त्या डब्याला फारसा त्रास नाही. शिवाय सायकल जागेवर उभी असतानाही गिअर बदलता येतो. घाटाच्या वळणावर समोरून एसटी आली, थांबावं लागलं आणि पुन्हा निघायचं आहे, अशा वेळी ही सोय किती मोलाची, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळतं.

पण या सोयीची एक अट आहे. उघड्या गिअरमध्ये पुढे दोन-तीन चकत्या ठेवता येतात. हबमध्ये एकूण आवाका कारखान्यातच ठरून येतो. मूळच्या इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा १९३६ पासूनचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब घ्या. त्याचा पहिला गिअर चाकाला पाऊणपट फिरवतो, दुसरा जसाच्या तसा, तिसरा एक आणि एक तृतीयांश पट. शिमानोच्या नेक्सस ८ मध्ये आठ गिअर आहेत, ०.५२७ पासून १.६१५ पर्यंत. म्हणजे सर्वात जड गिअर सर्वात हलक्याच्या सुमारे तिप्पट. जर्मनीच्या रोलॉफ कंपनीचा १४ गिअरचा स्पीडहब ०.२७९ पासून १.४६७ पर्यंत जातो. आवाका सव्वापाच पट, आणि प्रत्येक पायरी सारखीच, साधारण १३.६ टक्क्यांची.

हबला शिडी समजा. शिडीची लांबी कारखान्याने ठरवली, तिच्यात आपल्याला एक पायरीही वाढवता येत नाही. ती कुठे टेकवायची, एवढंच आपल्या हातात. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, हे गुणोत्तर म्हणजे शिडी टेकवण्याची जागा. पुढची चकती मोठी घेतली की अख्खी शिडी वर सरकते. वरच्या पायरीवर वेग मिळतो, पण खालची पायरी जमिनीपासून उंच जाते. चढावर पाय ठेवायला जागाच उरत नाही.

आता मोजमाप. पायडलची एक पूर्ण फेरी मारली की सायकल किती मीटर पुढे जाते, हे मोजायचं. आपली जुनी काळी सायकल घ्या, पुढे ४४ दाते, मागे १८, चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. एका फेरीत ती साधारण ५.४ मीटर जाते. सपाट रस्त्यावर ठीक आहे. चढ आला की माणूस उतरतो आणि चालू लागतो. तीन गिअरचा हब तिला बसवला तरी पहिला गिअर ४ मीटरचा होतो. मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाने घाट चढावा लागेल. ते तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

मग आपल्या आवाक्यातलं काय आहे? दिघीहून किनाऱ्या-किनाऱ्याने रत्नागिरीला जायचं समजा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला फेरीबोट, पलीकडे वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळला पुन्हा फेरीबोट, गुहागर, तवसाळहून जयगड, गणपतीपुळे. नकाशावर हा रस्ता समुद्राला चिकटून जातो, म्हणून नवख्याला वाटतं की सपाट असेल. प्रत्यक्षात तो खाडीच्या पाण्यापासून उठतो, जांभ्याच्या सड्यावर चढतो, थोडा वेळ वाऱ्यावर पळतो आणि पुढच्या गावाच्या माडांत उतरतो. लगेच परत चढ. महाबळेश्वरचा आंबेनळी घाट पोलादपूरपासून सुमारे ४० किलोमीटर लांब आहे, पण उंची हळूहळू देतो. किनाऱ्यावरच्या या घाट्या लहान आणि उद्धट. दिवसातून पाच-सहा वेळा सामोऱ्या येतात आणि तुमची खालची पायरी तपासून पाहतात.

समजा माणूस ७० किलोचा, सायकल १८ किलोची, सामान २२ किलोचं. एकूण ११० किलो. चढ ८ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. चाळिशी ओलांडलेला, रोज थोडी सायकल चालवणारा माणूस तासभर टिकवू शकेल अशी ताकद १२० वॅट धरू. इतक्या ताकदीत हे ओझं त्या चढावर ताशी ४.३ किलोमीटर वेगाने वर जातं. त्याहून जास्त नाही. पुढची चकती कितीही मोठी लावा, कितीही महाग सायकल घ्या, पृथ्वीला त्याचं काही सोयरसुतक नाही. प्रश्न एवढाच उरतो की या वेगाला पाय मिनिटाला किती वेळा फिरतात.

२६ इंची चाकाच्या सायकलला रोलॉफ हब आहे असं धरू, चाकाचा घेर २.०५ मीटर. पुढे ४२ आणि मागे १६ दाते असतील तर पहिल्या गिअरला एका फेरीत १.५० मीटर. मिनिटाला ४८ फेऱ्या. पुढे ३८, मागे १६ असतील तर १.३६ मीटर, ५३ फेऱ्या. पुढे ३४ आणि मागे १७ असतील तर १.१४ मीटर, ६३ फेऱ्या. चढ १० टक्क्यांचा झाला की हेच आकडे ३९, ४३ आणि ५१ होतात. ३९ फेऱ्या म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर उभं राहून जिना चढल्यासारखं. ५१ म्हणजे दम लागेल, पण बसून निभेल. ताकद तिन्हीकडे सारखीच खर्च होते. फरक हा की ती थोड्या जोरदार धक्क्यांत द्यायची की जास्त हलक्या धक्क्यांत. फुप्फुसं रात्री झोप घेतली की सकाळी ताजी होतात. गुडघ्यांचं तसं नसतं, ते हिशेब मांडून ठेवतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. चकती लहान केली तर सपाट रस्त्यावर पाय नुसते गरगर फिरतील. पाहू. ३४ आणि १७ ची जोडी घेतली तर चौदाव्या गिअरला एका फेरीत ६ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी २९ किलोमीटर. ३८-१६ ला ३४, आणि ४२-१६ ला ३८. चार पिशव्या लादलेली सायकल सपाटीवर ताशी ३८ ने कोण चालवतो? उतारावर तो वेग येतो हे खरं, पण उतारावर पायडल मारायची गरज नसते, हात ब्रेकवर असतो. तरीही कोणी म्हणेल की उतारावर वेळ वाचतो. ५ किलोमीटरचा उतार ताशी ३० ऐवजी ३५ ने उतरलात तर दीड मिनिटाहून कमी वाचतं. तेवढ्या वेळात चहासुद्धा उकळत नाही. त्याच सायकलवरून चढावर उतरून ढकलत गेलात तर नुसता वेळ जात नाही. पाठ जाते, पायडल नडगीला लागतं, आणि उद्याच्या चढाची धास्ती आजच बसते.

लहान गुणोत्तराचा आणखी एक फायदा आहे, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. रोलॉफच्या अकराव्या गिअरला आतली चाकं बाजूला राहतात आणि जोर थेट चाकाला जातो. त्या गिअरला ताकद सर्वात कमी वाया जाते. ३४-१७ च्या जोडीला हा अकरावा गिअर ८० फेऱ्यांना ताशी २० किलोमीटरच्या आसपास येतो. सामान घेऊन सपाटीवर जाणाऱ्या माणसाचा वेग नेमका तेवढाच असतो. ४२-१६ ला तोच गिअर ताशी २६ ला येतो, म्हणजे सर्वात चांगला गिअर आपण क्वचितच वापरतो. याच हबच्या सातव्या आणि आठव्या गिअरच्या मध्ये एक सांधा आहे. आतली दुसरी यंत्रणा तिथे बदलते. सातव्यापर्यंत थोडी घरघर ऐकू येते, आणि पायावर जोर ठेवून हा सांधा ओलांडायला गेलं तर हब अडखळतो. मोठ्या चकतीवर हा सांधा ताशी १५-१६ च्या वेगाला येतो, म्हणजे वाऱ्याविरुद्ध जाताना दिवसभर याच सांध्यावर इकडून तिकडे. लहान चकतीवर तो ११-१२ ला येतो. सपाटी सांध्याच्या वर, चढ सांध्याच्या खाली, अशी सरळ वाटणी होते.

आता कंपन्यांची मर्यादा. इथे मात्र मनाला येईल तसं वागून चालत नाही. लहान चकतीने पायाला आराम मिळतो, पण हबच्या पोटातल्या चाकांवर पीळ वाढतो. पायडलवर ८० किलोचा भार दिला आणि क्रँक १७ सेंटिमीटरची असली तर सुमारे १३५ न्यूटन-मीटरचा पीळ तयार होतो. गुणोत्तर २.५ असेल तर त्यातला ५४ हबपर्यंत पोचतो. गुणोत्तर २ असेल तर ६७, दीड असेल तर ९०. म्हणून कंपन्या किमान गुणोत्तर घालून देतात. रोलॉफने १०० किलोपर्यंतच्या स्वारासाठी १.९ ची आणि त्याहून वजनदार स्वारासाठी, तसंच दोघांच्या टँडम सायकलसाठी २.५ ची मर्यादा ठेवली आहे. वजनदार माणूस उभा राहून पायडल मारतो तेव्हा त्याचं सगळं वजन त्या पिळात उतरतं, हे त्यामागचं कारण. ३४-१७ म्हणजे बरोबर २, मर्यादेच्या आत. शिमानोच्या ८ गिअरच्या हबला साधारण २ च्या आसपासचं गुणोत्तर धरावं. पुष्कळ लोक त्याच्याही खाली जातात आणि काही होत नाही म्हणतात. मी तो सल्ला देणार नाही. शहरात हब बिघडला तर रिक्षा मिळते. वेळासच्या वाटेवर बिघडला तर हमीपत्र आणि पश्चात्ताप दोन्ही सारखेच निरुपयोगी.

पण मर्यादा पाळूनही सायकल हलकी करता येते, आणि ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. पहिला मार्ग चाकाचा. हबवरचा पीळ चकत्यांच्या दात्यांवर ठरतो, चाकाच्या घेरावर नाही. ७०० सी चाकाऐवजी २६ इंची चाक घेतलं तर सगळे गिअर साधारण ६ टक्क्यांनी हलके होतात आणि हबला त्याची खबरही लागत नाही. २० इंची चाक घेतलं तर फरक फार मोठा पडतो.

माझी आपा ४८ वर्षांची आहे. तिच्यासाठी मी हाच हिशेब मांडला. रोलॉफची किंमत लाखाच्या पुढे जाते, तेवढे पैसे नव्हते. नेक्सस ८ परवडत होता. २६ इंची चाकावर, गुणोत्तर २ धरून, त्याचा पहिला गिअर २.१६ मीटरचा होतो. आपाचं, सायकलचं आणि दोन पिशव्यांचं मिळून वजन ८५ किलो आणि तिची ताकद ९० वॅट धरली, तर ८ टक्क्यांच्या चढावर मिनिटाला ३२ फेऱ्या. गुडघेदुखीचं आमंत्रणच ते. तोच हब, तेच गुणोत्तर, चाक मात्र २० इंची, तर पहिला गिअर १.५८ मीटरचा आणि फेऱ्या ४४. ६ टक्क्यांच्या चढावर ५७. वरचा वेग ८० फेऱ्यांना ताशी २३. दुकानदार म्हणाला, ही तर मुलांची सायकल दिसते. आपा म्हणाली, भाऊ, मला दिसायचं नाही, पोचायचं आहे. ती आता महिन्यातून एकदा खाडीपलीकडे मामूंच्या गावी जाते, मधली घाटी बसून चढते.

दुसरा मार्ग सामानाचा. ११० किलोतले १० किलो कमी केले तर चढावरचा वेग आणि फेऱ्या दोन्ही दहा टक्क्यांनी वाढतात. चकतीचे चार दाते कमी करण्याइतकाच हा फायदा, आणि फुकटचा.

गुणोत्तर ठरलं की दात्यांची जोडी निवडायची. ३४ आणि १७ म्हणजे २, आणि ३८ आणि १९ म्हणजेही २. पायाला फरक कळणार नाही, पण चेनला कळेल. पुढची चकती जितकी लहान तितका चेनवर ताण जास्त. ३८ च्या मानाने ३४ वर तो ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, आणि मागे कमी दाते असले की प्रत्येक दात्याच्या वाट्याला जास्त झीज येते. तेव्हा गुणोत्तर तेच ठेवून दोन्ही चकत्या जरा मोठ्या मिळत असतील तर त्या घ्याव्यात. तुमच्या हबला मागे किती दात्यांची चकती बसते, हे आधी विचारा. बंद चेनकव्हर बसवायचं असेल तर तेही आधी पाहा, कारण ती कव्हरं ठरावीक दात्यांसाठीच मिळतात.

चेनकव्हरचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमच्या घरांत तो किरकोळ नाही. शाळेपर्यंत सायकल चालवणाऱ्या मुली आमच्या मोहल्ल्यात पुष्कळ आहेत. त्यानंतर चालवणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. कारणं अनेक, आणि ती सगळी सायकलने सुटणारी नाहीत. पण सलवार चेनमध्ये अडकते, ओढणीला वंगण लागतं, बुरखा उघड्या गिअरमध्ये ओढला जाण्याची भीती असते, ही कारणं सायकलनेच सुटतात. एकच सरळ चेन असल्यामुळे हब गिअरच्या सायकलची चेन पूर्ण झाकता येते. त्यावर हलका गिअर असला की चढावर उतरून, कपडे सावरत, लोकांच्या नजरा झेलत सायकल ढकलायची वेळ येत नाही. गिअर कोणासाठी निवडला जातो यावर रस्त्यावर कोण दिसेल हे ठरतं. दुकानातली सायकल पंचविशीतल्या तगड्या तरुणाला धरून जुळवलेली असेल, तर बाकीच्यांना ती न बोलता सांगत असते की हे तुमचं काम नाही.

आता लाजेकडे वळतो. ही लाज जुनी आहे. आँरी देग्रांज हे फ्रान्समधल्या एका क्रीडा दैनिकाचे संपादक. त्यांनी १९०३ मध्ये टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक, मर्दाने यंत्राच्या युक्तीवर नव्हे, स्नायूंच्या जोरावर जिंकावं, अशा अर्थाचं त्यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांच्या शर्यतीत डिरेलर गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. त्याच काळात त्याच देशात सेंतेतिएन गावचे पॉल द विवी 'वेलोसियो' या नावाने उलट सांगत होते. डोंगर चढायचा तर गिअर हवेत, आणि हलके हवेत. १९३० मध्ये ते वारले. शर्यतीचा नियम बदलायला त्यानंतरही सात वर्षं लागली. मधल्या काळात किती जणांनी चढावर विनाकारण दम तोडला असेल, कोण जाणे.

ही लाज कष्टकऱ्याला कधी नव्हती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लहानपणी आमच्या मोहल्ल्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक चाचा होते. पहाटे बेकरीतून पाव घेऊन वाडीवाडीवर जाणारे पाववाले त्यांच्याकडे यायचे. चाचा त्यांच्या सायकलीचं मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं बसवून द्यायचे. एका फेरीला ५.४ मीटर जाणारी सायकल ४.४ मीटरवर यायची. गुणोत्तर हा शब्द दोघांनाही ठाऊक नव्हता. टोपली भरली की चढ लागतो, आणि रिकामी झाली की घरीच जायचं असतं, एवढं ठाऊक होतं. सायकल पोटासाठी चालवणाऱ्याने गिअर नेहमी ओझ्यासाठी निवडला. सायकल शौकासाठी घेतली की माणूस तो इज्जतीसाठी निवडू लागतो.

शौकाला माझा विरोध नाही. रिकाम्या सायकलवर, चपळ टायरवर, सकाळी सिंहगडाचा रस्ता चढून नाश्त्याला घरी परतणाऱ्याने हवी ती चकती लावावी. त्याचा हिशेब वेगळा आहे. माझं म्हणणं सामान लादणाऱ्यांपुरतं आहे. त्यांना कोणी म्हणालं की ताकद वाढवा, सराव करा, गिअर कशाला हलका करता, तर उत्तर सोपं आहे. सराव केला आणि ताकद १२० ची १५० वॅट झाली, तर तुम्ही मोठा गिअर वापरालच, तो हबमध्ये आहेच. पण सहाव्या दिवशी, ताप उतरल्यावर, पाऊस लागल्यावर किंवा रोजा धरलेला असताना ताकद ८० वर येते. त्या दिवशी खालची पायरी हबमध्ये नसेल, तर ती रस्त्यात कुठून आणणार?

खाली जाण्यालाही तळ आहे, हेही सांगायला हवं. ताशी साडेतीन-चार किलोमीटरच्या खाली लादलेली सायकल डोलू लागते, हँडल सावरण्यातच ताकद जाते. त्या वेगाने माणूस सायकल ढकलत चालूही शकतो. म्हणून २६ इंची चाकावर १.१ मीटरच्या आसपास थांबावं. त्याहून हलक्या गिअरचा उपयोग नाही. रोलॉफवर ३४-१७ हा नेमका त्याच जागी येतो, म्हणून माझा कौल त्याला. नेक्ससवर मोठं चाक आणि जड सामान असेल तर कागदावरच हिशेब सांगतो की हा हब या वाटेचा नाही. मग चाक लहान करा, सामान कमी करा किंवा वाट बदला. हबला दोष देऊ नका.

ज्यांना एवढे आकडे नकोत त्यांनी एवढंच करावं. स्वतःचं, सायकलचं आणि भरलेल्या पिशव्यांचं वजन काट्यावर करा. वाटेवरचा सर्वात वाईट चढ शोधा, सरासरी चढ नको. त्या चढावर बसून मिनिटाला ५०-६० फेऱ्या मारता येतील असा पहिला गिअर मागा. मग कंपनीची मर्यादा तपासा. ती आडवी आली तर आधी चाक आणि मग सामान कमी करा, मर्यादा नाही. वरचा गिअर सगळ्यात शेवटी पाहा, आणि तो येईल तो आपला म्हणा.

दुकानात गेलात की वेग सांगू नका. वजन सांगा आणि चढ सांगा.